नौकेतील दुर्गंधी आणि नळीची निवड

शिडाच्या जहाजातून समुद्रप्रवास म्हटला की फुगलेली शिडे, खारा वारा आणि दूरवर पसरलेले क्षितिज डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच जहाजाच्या पोटात एका कोपऱ्यात अंग चोरून बसविलेल्या शौचकूपाचा विचार मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः दीर्घ प्रवासात खलाशांचे स्वास्थ्य ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत या कोपऱ्याचा क्रमांक बराच वरचा आहे.

गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची नौका बांधली गेली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच कारखान्यात तयार झालेल्या ‘तारिणी’ या नौकेतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. सहा माणसे, ५५ फुटांची नौका आणि आठ महिन्यांहून अधिक काळ! बाहेर वादळ सुरू झाले म्हणजे अशा नौकेचे झरोके आणि दारे घट्ट बंद करावी लागतात. आधीच लाटांनी पोट ढवळून निघालेल्या माणसाला आतल्या कोंदट हवेत घाण वास आला, तर अन्न नकोसे होते, झोप उडते आणि अंगातील त्राण जाते. दुर्गंधी हा तेथे नुसता गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

ही दुर्गंधी येते कोठून? घरातील शौचकूपात भांड्याखालच्या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि गटारातील वायूला वर येण्यास अटकाव करते. अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये या वळणदार नळाचे पेटंट घेतले. नौकेत हे काम बहुधा पंपाच्या झडपा करतात. त्या चांगल्या असल्या, सांधे कोरडे असले, कोठे थेंबभर गळती नसली, तरीही पुष्कळदा केबिनमध्ये वास येतच राहतो. मग मालक शौचकूप घासतो, औषधे ओततो, अत्तरे शिंपडतो. पण वास काही जात नाही. कारण अशा वेळी वास झडपेतून किंवा सांध्यातून येत नसून नळीच्या अंगातूनच झिरपत असतो.

हे विधान प्रथम चमत्कारिक वाटेल; परंतु त्याचा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरात येतो. हिंगाची पुडी प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत कितीही घट्ट बांधून ठेवली तरी काही दिवसांत सगळ्या फडताळाला हिंगाचा वास लागतो. तोच हिंग काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवला तर असे होत नाही. पिशवीला भोक नसते. तरी वासाचे रेणू प्लॅस्टिकमध्ये शिरतात, त्यातून हळूहळू सरकतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. नौकेतील लवचीक नळीचेही असेच आहे.

पूर्वी नौकेतील मैला सरळ समुद्रात सोडला जाई, त्यामुळे नळीत तो फार वेळ राहत नसे. पुढे किनाऱ्यालगतचे पाणी स्वच्छ राखण्याची गरज जगाला पटली. जहाजांच्या मैल्याविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम २७ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडू नये, असे ते सांगतात. हे नियम मोठ्या जहाजांसाठी आहेत. तथापि अनेक देशांनी आणि बंदरांनी लहान नौकांवरही आपापली बंधने घातली आहेत. म्हणून आता नौकेत साठवणीची टाकी बसवावी लागते आणि मैला टाकीत व नळ्यांत दिवसेंदिवस राहतो. त्यात भर म्हणजे शौचकूप धुण्यासाठी बहुधा समुद्राचेच पाणी वापरतात. या पाण्यात दर लिटरला सुमारे २·७ ग्रॅम सल्फेट असते. हवा न मिळणाऱ्या जागी वाढणारे काही जीवाणू या सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच.

तेव्हा नळी निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो तिच्या पदार्थाचा. नौकेच्या तळातील पाणी उपसण्यासाठी मिळणारी पातळ, वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी स्वस्त असते आणि हवी तशी वळते. परंतु या कामाला ती सर्वथा अयोग्य आहे. तिच्या वळ्यांत घाण अडकते आणि पातळ भिंतीतून वास लवकर बाहेर येतो. मैल्यासाठी म्हणून बनविलेली जाड पीव्हीसीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्या भिंतीत कठीण प्लॅस्टिकचे वेटोळे असते. ती पुष्कळ बरी. मात्र तिच्या प्रती अनेक आहेत व हलकी प्रत लवकर वासावते. ब्यूटाइल रबराची जाड नळी वायूला चांगली अडवते. सायकलीच्या आतल्या ट्यूबांसाठी हेच रबर पसंत केले जाते ते याच गुणामुळे. ती जड, ताठ आणि महाग असते. भिंतीत पोलादी तार असलेली नळी घेतल्यास तिची कापलेली टोके खाऱ्या पाण्याने गंजतात, हेही पाहावे. जेथे मार्ग सरळ आहे तेथे पीव्हीसीचा कठीण, जाड पाइप वापरून केवळ दोन टोकांना लवचीक नळीचे तुकडे जोडणे हा उत्तम उपाय होय. कारण कठीण पाइपातून वास जवळजवळ झिरपत नाही.

दुसरा प्रश्न मांडणीचा. उंची नळीही चुकीच्या रीतीने बसविली तर वाया जाते. ती मध्येच झोळीसारखी लोंबली की त्या झोळीत मैला साचतो आणि वास प्रथम तेथूनच येऊ लागतो. म्हणून नळीला टाकीकडे सतत उतार द्यावा आणि जागोजागी आधार द्यावा. ३८ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे १·१ लिटर द्रव मावतो. नळी ३ मीटर लांब असेल तर तिच्यातील सर्व मैला पुढे ढकलण्यास जवळजवळ साडेतीन लिटर पाणी लागते. दोन-चार वेळा पंप हलवून समाधान मानणारा माणूस उरलेली घाण नळीतच ठेवून जातो. नौका सोडून जाताना शेवटी गोड्या पाण्याने धुऊन घेतल्यास सल्फेटाचा पुरवठाही थांबतो. नळी चढविताना टोक गरम पाण्यात मऊ करावे व साबणाचे पाणी लावावे. ब्यूटाइल रबराला तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने ते फुगते. टाकीत हवा खेळती ठेवणारी नळीही मोकळी व शक्य तितकी आखूड असावी.

जुनी नळी वासावली आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. स्वच्छ फडके गरम पाण्यात भिजवून पिळावे, नळीवरून चोळावे आणि नौकेबाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर नळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. वरून धुण्याने किंवा चिकटपट्टी गुंडाळण्याने तिच्या अंगात मुरलेला वास जात नाही.

मात्र नाकाच्या साक्षीलाही मर्यादा आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्जावधी भागांत काही थोडे भाग असला तरी नाकाला कळतो. पण त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० च्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास नाहीसा झाला असे वाटते. त्याहून जास्त प्रमाणात तो प्राणघातक आहे. त्यामुळे वास येत नाही एवढ्या भरवशावर मैल्याच्या बंद टाकीत, मग ती नौकेतील असो की जमिनीतील, डोकेही घालू नये. मैलाटाक्यांत आणि गटारांत उतरलेल्या कित्येक कामगारांचे प्राण विषारी वायूंनी घेतले आहेत.

समुद्रापासून शेकडो मैल दूर, रायपूरजवळच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वस्तीत राहणाऱ्या गृहस्थालाही ही माहिती निरुपयोगी नाही. त्याच्या घरी हात धुण्याच्या भांड्याखाली बहुधा तीच पातळ, वळ्यावळ्यांची प्लॅस्टिक नळी लोंबत असते आणि तिच्या वळ्यांत तीच घाण बसते. तेथेही गुळगुळीत, कठीण आणि उताराचा पाइप चांगला. नळी विकत घेताना लवचीकपणा आणि किंमत या दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात. तिच्या भिंतीची जाडी आणि जात कोणी विचारीत नाही. पण फळीमागे किंवा भिंतीआड एकदा बसविल्यावर पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात ते हेच दोन गुण.