उताराने आखलेली रेघ

नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर सलाबतखानाची जी अष्टकोनी कबर आहे, आणि जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती दुरून पाहतानाच जाणवते की तिची आकृती आधी शिल्पकाराच्या मनात सिद्ध झाली आणि मग डोंगराने ती माथ्यावर घेतली. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेताना रचनेची हीच एक रीत मला ठाऊक होती. पारनेर तालुक्यातील एका उघड्या माळावर सलग समतल चरांची आखणी करणाऱ्या मंडळींबरोबर तीन दिवस काढले, तेव्हा दुसरी रीत पाहिली.

साधन म्हणजे पाणनळी: पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि तिची दोन टोके जिथे बांधलेली असतात अशा, आकड्यांच्या खुणा केलेल्या दोन काठ्या. एक काठी जागची हलत नाही. दुसरी धरणारा उतारावर वरखाली सरकतो, आणि दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आले की तिथे फक्कीची चिमूट पडते. पहिल्या सकाळी माझे आकडे स्थिर राहीनात. वृद्ध मुकादमांनी नळी उन्हाकडे धरून पाहिली. "साहेब, आत बुडबुडा हाय. तो निघाल्याबिगर पातळी खरी येयची न्हाई."

तो निघाला, आणि दुपारपर्यंत फक्कीची रेघ ओघळीपाशी आत वळून, पुढच्या टेपाडाला वळसा घालून बाहेर आली. तिला कोणीही वळवले नव्हते. शेजारच्या दोन बिंदूंची पातळी समान असावी, एवढा एकच नियम शेकडो वेळा पाळला गेला, आणि त्यातून साऱ्या उताराची आकृती प्रकट झाली. अमेरिकन वास्तुशिल्पी स्टॅन ॲलन यांनी १९९७ साली वस्तूकडून क्षेत्राकडे वळण्याचे जे प्रतिपादन केले आणि त्यासाठी कोर्दोव्याच्या मशिदीतील स्तंभांच्या वाढत गेलेल्या ओळींचा दाखला दिला, त्याचा अर्थ मला त्या माळावर उमगला.

मग टिकाव चालू लागले. चर साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल. निघालेला मुरूम उताराच्या खालच्या अंगाला. इथे चुकीला क्षमा नाही, कारण रेघ कुठे थोडी जरी खाली गेली तरी चराचे सारे पाणी तिथेच लोटते आणि भर फोडून निघून जाते. हिवरे बाजारचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या अचूकतेचे फळ वेगळे सांगायला नको.

वास्तुशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की नव्या विद्यार्थ्याच्या हाती पट्टी आणि कागद देण्यापूर्वी त्याला चार दिवस पाणनळी धरायला लावावी.