कोलाज
कागद, कापड, दोरा इ. वस्तूंचे तुकडे सपाट पृष्ठावर चिकटवून वा टाचून केलेली कलाकृती. 'चिकटविणे' या अर्थाच्या 'कोले' या फ्रेंच क्रियापदावरून ही संज्ञा आली. पिकासोने १९१२ मध्ये एका स्थिरवस्तुचित्रात मेणकापड चिकटवून त्याभोवती दोरखंडाची चौकट बसविली. महाराष्ट्रातील गोधडी ही वापरावयाची वस्तू असली, तरी रचनेने कोलाजला जवळची आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे तुकडे जोडणारा धावदोराच तीवर रेषा उमटवितो. कोलाजचे आयुष्य साहित्यावर अवलंबून असते. वृत्तपत्री कागद त्यातील लिग्निनमुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे आधारपृष्ठास सुती चिंध्यांच्या लगद्याचा, पुण्याच्या हातकागद संस्थेत (स्थापना १९४०) होतो तसा, टिकाऊ कागद अधिक योग्य ठरतो.