विश्वाच्या कालपटावर मानवी इतिहास नगण्य ठरतो काय?

विश्वोत्पत्तीपासून मानवी संस्कृतीपर्यंतची हकीकत सलग अभ्यासावी, या विचाराला इतिहासकार डेव्हिड ख्रिश्चन यांनी १९८९ साली सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात अभ्यासक्रमाचे रूप दिले. तथापि या विद्येविषयी एक गैरसमज इतक्या वेळा कानी पडतो की त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

गैरसमज असा : विश्वाची १३८० कोटी वर्षे एका वर्षात बसविली, तर मानवजातीची सुमारे तीन लक्ष वर्षे अखेरच्या साडेअकरा मिनिटांत आटोपतात आणि लिखित इतिहासाच्या वाट्याला जेमतेम अकरा-बारा सेकंद येतात, सबब शिवकाल काय नि पेशवाई काय, सारेच नगण्य! कार्ल सेगन यांनी लोकप्रिय केलेला हा हिशेब बिनचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वस्वी चूक आहे, कारण कालावधीची लांबी हे महत्त्वाचे माप आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. खगोलभौतिकीविद एरिक चेसन यांनी दर ग्रॅम वस्तुमानामागे दर सेकंदाला वाहणाऱ्या ऊर्जेचे माप घेतले, तेव्हा मानवी देह सूर्याच्या हजारो पट पुढे असल्याचे दिसून आले.

शिवाय विशाल संदर्भाने इतिहास झाकोळत नाही, उलगडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्या खडकाच्या झिजेतून ओल धरून ठेवणारी काळी जमीन तयार झाली, तिच्यावर वऱ्हाडचा कापूस पिकला, आणि ज्या वऱ्हाडचा कारभार १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून घेतला, तेथील कापसाला १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटताच लँकेशायरच्या गिरण्यांकडून अपूर्व मागणी आली. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली युद्ध संपताच अनेक पेढ्या बुडाल्या. या घटनाक्रमाचा निम्मा पुरावा सरकारी दप्तरात आहे, निम्मा भूस्तरात. त्यांपैकी एकच वाचणाऱ्यास वऱ्हाडचा मोह इंग्रजांना का पडला हे पुरते कळणार नाही.

इतर गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेता येईल.

‘विश्वाची सारी वाटचाल मनुष्य घडविण्यासाठीच झाली.’ उत्क्रांतीला पूर्वनियोजित गंतव्य नसते.

‘मनुष्य आजच्या माकडांपासून झाला.’ दोघांचे पूर्वज एक होते, इतकेच.

‘ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, म्हणजे पृथ्वीचे वय पूर्वजांना ज्ञात होते.’ संख्यांचे साम्य म्हणजे मापन नव्हे. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले, आणि ते मापन कोणालाही पडताळून पाहता येते.

इतिहासाच्या अध्यापकांना विनंती इतकीच की, सनावळी सांगण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याची जमीन कशी घडली, हे विद्यार्थ्यांना अवश्य शिकवावे.