चेंबूरचा वेशनियम आणि राज्यघटना

मुलीच्या जातीला शिक्षणातून काय शिकविले जाते, या वादाचा महाराष्ट्रापुरता मागोवा घेऊ लागले, की २०१७ साली बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलीची कुरूपता हे हुंड्याचे एक कारण म्हणून छापलेले आढळल्यावर उसळलेला क्षोभ प्रथम आठवतो. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात बाईबरोबर पुरुषालाही भाजी निवडावयास बसविले, हेही आठवते. पुस्तके अशी सुधारत असताना चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयात मात्र निराळाच पाठ सुरू झाला होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकावर बुरखा घातलेल्या मुलींना अडविण्यात आले, पालक जमले, पोलिसांना मध्यस्थी करावी लागली. पुढल्या उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियम निघाला, की हिजाब, नकाब, बुरखा, स्टोल, टोपी, बिल्ला इत्यादी तळमजल्यावरील कॉमन रूममध्ये उतरवूनच आवारात वावरावे. विज्ञान शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या नऊ विद्यार्थिनींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. चांदुरकर व न्या. पाटील यांच्या खंडपीठाने, वेशनियम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना सारखाच लागू असून तो शिस्तीसाठी आहे, असे मानून २६ जून २०२४ रोजी अर्ज फेटाळला.

हा न्याय मला पटत नाही. ज्या नियमाने कोणाचे काहीच अडत नाही आणि कोणाला वर्ग की ओढणी यांतून एक निवडावे लागते, तो नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी अनुच्छेद १४ ला अभिप्रेत असलेली समता त्यात नाही. कर्नाटकातील शिक्षणसंस्थांमधील हिजाबबंदीच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश परस्परविरोधी निर्णयांवर आले, तेव्हा न्या. धुलिया यांनी मुलीचे शिक्षण हाच प्रश्नाचा गाभा मानला होता; धार्मिक आचरणाची अनिवार्यता तपासत बसण्यापेक्षा तो मार्ग मला अधिक घटनानिष्ठ वाटतो. घरची परवानगी मिळवून प्रयोगशाळेपर्यंत पोचलेल्या मुलीला डोक्यावरच्या कापडासाठी परत पाठविणे, हे तिच्या सबलीकरणाचे साधन होऊच शकत नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ला यांच्यावरील मनाईस अंतरिम स्थगिती दिली. सुनावणीत न्या. संजय कुमार यांनी विचारले, की नावावरून धर्म कळत नाही काय? टिळा-टिकलीलाही मज्जाव करणार काय, हाही प्रश्न निघाला. वर्गात बुरख्याची मुभा मात्र न्यायालयाने दिली नाही, आणि या आदेशाचा गैरवापर होऊ नये, अशी ताकीदही दिली. कर्नाटकाचा मूळ प्रश्न त्या वेळी मोठ्या पीठाच्या प्रतीक्षेतच होता. तिसऱ्या वर्षाच्या अर्जदार मुलींच्या हाती मात्र पदवीचे अखेरचे एकच वर्ष होते.