एका दिवसापुरतें मागणें

पनवेलहून बोरघाट चढून पुण्यापुढें दौंडच्या वाटेस लागलें म्हणजे केडगांव येतें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथेंच.

ख्रिस्तानें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत परमेश्वराजवळ अन्न मागितलें आहे, तें एका दिवसापुरतें. वर्षाची बेगमी तींत नाहीं. म्हणून उद्यां पुन्हां हात जोडणें आलेंच. आपली गरज पित्यास मागण्यापूर्वींच ठाऊक असते, असेंही ख्रिस्त सांगतो. मग मागावयाचें कशाला? मुलाची भूक आईस आधींच कळलेली असते. तरी मूल बोलल्यावांचून राहत नाहीं, आणि जें बोलेनासें होतें तें हळूहळू दुरावतें. ना. वा. टिळकांनीं ख्रिस्तास माउली म्हटलें, तें याच नात्यानें.

रमाबाईंनीं भूक स्वतः भोगली होती. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील दुष्काळांत गेले; पुढें १८९६ व १९०० च्या दुष्काळांतून त्यांनीं शेंकडों मुली आश्रयास आणल्या. १९०५ च्या जानेवारींत केडगांवीं सुमारें ७० जणी रोज सकाळीं प्रार्थनेस जमूं लागल्या. जूनपर्यंत ५५० झाल्या, आणि वेळाही दोन. नवल हें कीं, मागणें भाकरीचें नव्हतें. सर्व हिंदी ख्रिस्ती जनांचें मन खरोखर पालटावें, हें होतें. आणि त्यांत त्यांनीं स्वतःसही धरलें होतें.