कुंपणाऐवजी कुत्रा

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हॅमिल्टन गावाचा कचरा डेपो एका प्राण्याचा शेवटचा आसरा ठरला होता. मुख्य भूमीवरचे ‘ईस्टर्न बार्ड बँडिकूट’ व्हिक्टोरिया राज्यातल्या या गावाच्या आसपासच काय ते उरले होते आणि भंगार मोटारींच्या सांगाड्यांखाली लपून दिवस काढत होते. लांब नाकाचा, पाठीच्या मागच्या भागावर फिके पट्टे असलेला हा निशाचर घुशीच्या जातीचा वाटतो खरा, पण तो पोटाला पिशवी असलेल्या, कांगारूच्या गोतातला आहे.

वंश वाढवण्यात तो मुळीच कमी नाही. गर्भकाळ जेमतेम साडेबारा दिवसांचा. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला, त्यामुळे आई किड्यांसाठी जमीन उकरते तेव्हा माती पिल्लांच्या अंगावर येत नाही. तरीही तो संपत गेला. गवताळ मैदानं शेतीखाली गेली आणि उरलेल्या तुकड्यांत तांबडे कोल्हे शिरले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी हे कोल्हे घोड्यावरून शिकार करायला हौसेनं आणले होते. हौस फिटली, कोल्हे खंडाच्या बहुतेक भागात पसरले.

१९८८ मध्ये थोडे बँडिकूट पकडून पैदास सुरू झाली. पुढं त्यांना ठिकठिकाणी सोडूनही पाहिलं, पण जिथं कोल्हा पोचला तिथं वस्ती टिकली नाही. मग कोल्ह्याला ओलांडता येणार नाहीत अशी कुंपणं आली आणि त्यानंतर बेटं : २०१५ मध्ये चर्चिल, २०१७ मध्ये फिलिप, २०१९ मध्ये फ्रेंच. या बेटांवर कोल्हा नाही. २०२१ मध्ये व्हिक्टोरिया सरकारनं ‘निसर्गातून नामशेष’ हा शिक्का पुसून त्याला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. बढतीच म्हणायची!

पण त्याचं मूळ घर असलेल्या पठारी गवताळ प्रदेशाचं काय? तिथली जमीन बहुतांश मेंढपाळांच्या मालकीची. तिला सगळीकडून जाळी ठोकणं खिशाला परवडणारं नाही.

इथं मरेम्मा कुत्रा कामाला आला. पांढराशुभ्र, थोराड अंगाचा हा इटालियन कुत्रा शतकानुशतकं लांडग्यांपासून मेंढ्या राखत आला आहे. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरची कुत्री करतात तेच काम. वॉर्नम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर त्याची परीक्षा आधीच झाली होती. तिथले छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी दहाच्याही खाली आणले होते. २००६ पासून मरेम्मा राखणीला आले आणि पेंग्विन पुन्हा वाढले.

बँडिकूटच्या बाबतीत अडचण वेगळी होती. तो एकटा राहतो, रात्रीच बाहेर पडतो; कुत्र्याला त्याचा लळा लागणार कसा? राज्यातली प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्या ‘झूज व्हिक्टोरिया’च्या लोकांनी आडवाट धरली. कुत्र्यांना लळा लावला मेंढ्यांचा, आणि त्याच कुरणात बँडिकूट सोडले. बँडिकूटच्या वाटेला जायचं नाही, एवढं कुत्र्यांना शिकवलं. २०२० मध्ये व्हिक्टोरियातल्याच स्किप्टनजवळ कुंपणाविना हा प्रयोग सुरू झाला. कुत्र्यानं कोल्हा मारलाच पाहिजे असं नाही. कुत्र्याच्या वासानं आणि भुंकण्यानं कोल्हा बिचकून लांब राहिला, तरी काम होतं. एकेक कोल्हा टिपत बसण्यापेक्षा ही युक्ती अधिक शहाणपणाची वाटते.

अर्थात तिच्या मर्यादा आहेत. कोल्ह्यांसाठी ‘१०८०’ या विषाची आमिषं पेरतात, पण ती कुत्र्यालाही मारतात. म्हणून राखणदार असलेल्या कुरणात ती वापरता येत नाहीत. मांजरांच्या विष्ठेतून मातीत येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही बँडिकूटचा जीव घेतो, त्यावर भुंकण्याचा इलाज नाही. आणि जिथं मेंढ्याच नाहीत, म्हणून राखणदार कुत्राही नाही, तिथं काय? २०१८ मध्ये जर्व्हिस बेजवळच्या बुडेरी राष्ट्रीय उद्यानात टास्मानियाहून आणलेले २० ‘ईस्टर्न क्वोल’ (हेही पोटाला पिशवी असलेले छोटे प्राणी) उघड्या रानात सोडले. कोल्ह्यांच्या तोंडी आणि मोटारींखाली सापडून त्यातले बरेचसे काही महिन्यांतच मेले. वाचलेल्या माद्यांनी मात्र पिल्लं दिली. मुख्य भूमीच्या रानात क्वोलची पिल्लं जन्मली ती अर्ध्या शतकानंतर.