सागरकिनाऱ्यावरील जलाधारित रंगलेप आणि डायअसीटोन ॲक्रिलामाइड : एक विवेचन

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड हे समुद्रकाठचे गाव होय. नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरांची लोखंडी फाटके, खिडक्यांचे गज व लाकडी दारे यांवरील रंगाला येथे खाऱ्या हवेशी सतत सामना करावा लागतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळते. त्यामुळे पाऊस नसतानाही रंगावर क्षारयुक्त पाण्याचा पातळ थर राहू शकतो. अशा ठिकाणी लेपातील बहुवारिकाची रचना कशी असावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साध्या लेपाची मर्यादा :
जलाधारित ॲक्रिलिक रंगात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांत मिसळून अखंड पटल तयार होते. तथापि या पटलातील साखळ्या केवळ एकमेकींत गुंतलेल्या असतात. परिणामी पटल उष्णतेने मऊ पडते आणि योग्य विद्रावकात विरघळते. साखळ्यांमध्ये आडवे रासायनिक बंध निर्माण केल्यास त्यांचे जाळे बनते. या क्रियेस क्रॉसलिंकिंग म्हणतात.

एकवारिकाची निवड :
याकरिता एन-मेथिलॉल ॲक्रिलामाइड दीर्घकाळ वापरात आहे. मात्र त्याचे बंध पूर्ण होण्यास सामान्यतः १२० ते १५० अंश सेल्सिअस तापमान लागते व त्यातून फॉर्माल्डिहाइड मुक्त होऊ शकते. घराच्या फाटकाला भट्टीत घालता येत नाही. शिवाय २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवातील कर्करोगकारक ठरविले.

डायअसीटोन ॲक्रिलामाइड या दोन्ही अडचणी टाळते. त्याचा दुहेरी बंध बहुवारिकाच्या साखळीत सामावतो, तर कीटोन गट मोकळा राहतो. पाण्यात विरघळविलेल्या ॲडिपिक डायहायड्राझाइडचे दोन गट अशा दोन कीटोन गटांशी संयोग पावून हायड्राझोन बंध तयार करतात. म्हणून सैद्धांतिक प्रमाण २ मोलास १ मोल असे येते.

क्रियेचा क्रम :
या अभिक्रियेत पाणी बाहेर पडते. म्हणून डब्यातील विपुल पाणी व अमोनियामुळे आलेली अल्कता तिला रोखून धरतात. लेप वाळताना दोन्ही उडून जातात आणि साध्या तापमानातच बंध जुळतात. कण मिसळण्यापूर्वी बंध जुळले, तर पटल सच्छिद्र व कमकुवत राहील. म्हणूनच हा विलंब उपकारक ठरतो.

मर्यादा व पडताळणी :
दमट हवेत हे वाळणे मंदावते. त्यामुळे कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत रंगकाम करणे इष्ट. तसेच पृष्ठभागावरील मीठ गोड्या पाण्याने धुणे, गंज काढणे व गंजरोधक प्रायमर लावणे यांस पर्याय नाही. लेपाखाली अडकलेल्या मिठाचे निवारण कोणतेही एकवारिक करीत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत रंगद्रव्यविरहित पटलाचा तुकडा तोलून असीटोनमध्ये २४ तास ठेवावा व उरलेला भाग वाळवून पुन्हा तोलावा. जाळे बनले असल्यास पटल फुगते, परंतु त्याचा बराचसा भाग न विरघळता उरतो.

निष्कर्ष :
किनाऱ्यावरील लेपासाठी एकवारिक निवडताना बंधाच्या बळाइतकाच तो बंध केव्हा, कोणत्या तापमानाला व काय मुक्त करून जुळतो, याचा विचार अगत्याचा आहे.